क्लॅरी पिंडरची खरी बखर

क्लॅरी पिंडर गाईंना कंटाळून नौदलात गेला.

टेराराला, शोलहेवन नदीच्या काठी, त्याच्या बापाच्या साठ दुभत्या गाई होत्या. पहाटे साठ, दुपारी साठ आणि नाताळच्या दिवशीही साठच. कोणती गाय कोणत्या पायानं मारते हे क्लॅरीला झोपेतही सांगता आलं असतं. समुद्रावर गाय नसते, एवढा एकच विचार करून एकोणिसाव्या वर्षी, १९५० साली, त्यानं भरतीच्या कागदावर सही ठोकली. बाप, आल्फ पिंडर, फाटकापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "लाटा मारत नाहीत म्हणून खूश आहेस, पण त्या दूधही देत नाहीत."

प्रशिक्षण झालं लांब व्हिक्टोरियात. मग नेमणुकीचा हुकूम आला: नौदलाचा विमानतळ, नाउरा. म्हणजे बापाच्या गोठ्यापासून आठ मैल.

पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी एक गाय कुंपण तोडून धावपट्टीवर शिरली. वर तीन विमानं घिरट्या घालतायत, खाली गाय रवंथ करतेय. "गाई हाकता येतात का रे कुणाला?" मुकादम ओरडला. क्लॅरी बुटाच्या नाड्या बघू लागला. पण गाईंना माणूस बरोबर कळतो. ती एवढ्या चाळीस जणांना ओलांडून सरळ त्याच्यापाशी आली आणि त्याची बाही चाटत उभी राहिली.

हुद्दा मात्र चांगला मिळाला. नौदलात कारकुनाला रायटर म्हणतात. क्लॅरीच्या आईनं तेवढाच शब्द उचलला आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर अख्ख्या टेराराला सांगून टाकलं, "आमचा क्लॅरी लेखक झाला."

"काय लिहितो?" कुणीतरी विचारलं.

"ते गुप्त असतं," आई म्हणाली.

तेव्हा तो पायमोज्यांचे मागणीअर्ज लिहीत होता.

बावन्न साली नाउऱ्याला नवी स्क्वाड्रन उभी राहिली. आठशे एकोणचाळीस नंबरची, विमानवाहू नौकेवरून उडणारी लढाऊ विमानांची तुकडी. सहा महिने नाउऱ्याला, सहा महिने नौकेवर. नौकेला कागदोपत्री मोठं भारदस्त नाव होतं, पण सगळे तिला म्हातारी म्हणत. प्रत्येक स्क्वाड्रनला आपला इतिहास लिहून ठेवावा लागतो: महिन्याला एक पान, शेवटी कमांडरची सही. पहिल्या कमांडरनं क्लॅरीला बोलावलं.

"पिंडर, तुझं अक्षर चांगलं आहे म्हणे."

"शाळेत बक्षीस मिळालं होतं, साहेब."

"कशावर?"

"निबंधावर, साहेब. गाय."

"मग विमानही जमेल," असं म्हणून साहेबांनी एक जाडजूड निळी वही त्याच्या हातात ठेवली. समुद्रावर न्यायची म्हणून क्लॅरीनं तिला घरून आणलेल्या मेणकापडाचं कव्हर शिवलं आणि आत नियमाप्रमाणे लिहिलं: 'सापडल्यास कृपया आठशे एकोणचाळीस स्क्वाड्रन, नाउरा येथे परत करावी.'

पहिल्या महिन्याचं पान त्यानं अगदी शहाण्यासारखं लिहिलं. उड्डाणे एकशे बारा, अवतरणे एकशे बारा. साहेबांनी न बघता सही केली. दुसऱ्या महिन्यात उड्डाणे एकशे तीस झाली आणि अवतरणे एकशे एकोणतीस. क्लॅरीला वाटलं, हा एक कुठे गेला हे सांगायला नको का? म्हणून त्यानं पुढे जोडलं, 'एक विमान समुद्रात. वैमानिक सुखरूप बाहेर. मात्र मिशीला लावलेलं मेण वाहून गेल्यामुळे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.' साहेबांनी सही केली.

क्लॅरीच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला. तिसऱ्या महिन्यात त्यानं पानाच्या मधोमध भोपळ्याच्या स्कोनची, म्हणजे छोट्या गोड पावाची, कृती लिहिली. ती त्याला डल्सी नावाच्या मुलीनं दिली होती. नाउऱ्याच्या बेकरीत काम करणाऱ्या या डल्सीशी त्यानं पुढे लग्न केलं. एक वाटी उकडलेला भोपळा, दोन वाट्या मैदा, सगळं साग्रसंगीत. पान परत आलं ते सहीसकट, आणि सहीशेजारी शेरा: 'उत्तम काम.'

म्हणजे वाचत कुणीच नव्हतं.

दुसरा एखादा असता तर त्यानं त्या दिवसापासून लिहिणं उरकतं घेतलं असतं. क्लॅरीचं उलटं झालं. त्याला वाटलं, वाचणारच नाही कुणी, तर मग खरं लिहायला काय हरकत आहे? आणि तो खरं लिहू लागला.

म्हातारीच्या डेकवर पोलादी दोऱ्या आडव्या ताणलेल्या असत. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एकीत अडकला तर ठीक, नाहीतर पुन्हा वर जाऊन फेरा मारायचा. क्लॅरी डेकच्या कडेला बादली घेऊन बसे, कारण जहाज बंदरात दोरांनी बांधलेलं असलं तरी त्याला ते लागत असे. बादलीतून डोकं वर काढलं की जे दिसेल ते तो टिपून ठेवी. 'लेफ्टनंट होबडे आज पाच वेळा आले. चार वेळा नुसतेच बघून गेले.' 'मुख्य अभियंत्यांनी इंजिनातला आवाज शोधण्यासाठी तीन दिवस इंजिन उघडलं. आवाज अभियंत्यांच्या दातांच्या कवळीचा निघाला.' वादळी महिन्यांत ओळी पानाच्या खालच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कोपऱ्यात जात. कमांडर येत, सही करत आणि बदलून जात.

पंचावन्न सालच्या मार्चमधलं पान मात्र जरा मोठं झालं.

त्या दिवशी लेफ्टनंट जेरल्ड विकस्टेड नावाचा सव्वीस वर्षांचा वैमानिक सरावाला वर गेला आणि नदीवर असतानाच इंजिन बंद पडलं. खाली एकच सपाट हिरवा तुकडा दिसत होता. तिथे त्यानं विमान पोटावर घसरत नेलं, कुंपणाचे अकरा खांब मोडले, आणि थांबला तेव्हा समोर, नाकापासून दोन हातांवर, आल्फ पिंडर उभा होता. क्लॅरीचा बाप.

"मोडलं का काही?" आल्फनं विचारलं.

"हाडं शाबूत आहेत, धन्यवाद."

"तुझं नाही विचारत. गाईंचं विचारतोय. साडेतीन वाजलेत, दुधाची वेळ आहे, आणि तू हे धूड आणून मधे घातलंस. आता एक गाय पान्हा सोडेल तर शपथ."

"मला जरा फोन करायचा आहे. तुमच्याकडे फोन आहे का?"

"आहे की. दूध काढून झालं की आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे गड्याची कंबर धरलीय, मी एकटा आहे, आणि घाबरवलंस तू. तर तूच चुचकार. ही बादली, ते स्टूल. त्या टोकापासून सुरू कर."

सोबतच्या विमानानं बिनतारीवरून कळवल्यावर क्लॅरी विमान उचलायच्या ट्रकबरोबर तिथे पोचला, तेव्हा नौदलाचा लेफ्टनंट, उड्डाणाचा पोशाख आणि गळ्यात पांढरा रुमाल अशा थाटात, गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसला होता. क्लॅरीकडे बघून त्यानं फक्त एवढंच विचारलं, "किती राहिल्या अजून?"

तिसऱ्या दिवशी आल्फचं पत्र स्क्वाड्रनला आलं. बापाचं अक्षर क्लॅरीनं लांबूनच ओळखलं. पण कागद तो कागद. त्यानं पत्र पानावर खळीनं चिकटवलं, खाली सगळी हकीकत लिहिली, आणि कमांडरनी नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघत सही केली.

वर्षं गेली. पंख्याची विमानं जाऊन जेट आली, जुनी जेट जाऊन अमेरिकेची नवी स्कायहॉक आली. आल्फ पिंडर वारला, गाई विकल्या गेल्या. क्लॅरी चढत चढत चीफ झाला, केस गेले, पोट आलं. चौदा कमांडर झाले. वही मात्र तीच, दर महिन्याला एका पानानं जाड होणारी.

पंधरावे आले लेफ्टनंट कमांडर ट्रेथवी. हा माणूस इतका नेटका की बुटांच्या नाड्यांनाही इस्त्री करतो अशी अफवा होती. सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत, स्क्वाड्रनच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस राहिले असताना, त्यांनी वही मागवली. समारंभाला रिअर ॲडमिरल येणार होते, त्यांना इतिहास दाखवायचा होता.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एका कमांडरनं वही उघडून वाचली. क्लॅरी समोर ताठ उभा. दहा मिनिटं गेली. साहेबांचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग उकडलेल्या बिटासारखा.

"चीफ, यात स्कोनची कृती आहे."

"हो, साहेब. चांगली होतात."

"आणि हे... 'लेफ्टनंट ट्रेथवी यांनी आज शिडी लावायच्या आधीच विमानातून उतरून दाखवलं.' हे मी?"

"एकाहत्तर साल, साहेब. आपण तेव्हा नवे होतात."

साहेबांनी पान घाईनं उलटलं आणि नेमकं पंचावन्न सालचं मार्च समोर आलं. ते वाचलं, पत्र वाचलं, नाव पुन्हा वाचलं. मग वही मिटून तिच्यावर दोन्ही हात ठेवले, आतून काहीतरी बाहेर येईल असे.

"चीफ, येणाऱ्या ॲडमिरलचं नाव माहीत आहे तुम्हाला?"

"विकस्टेड, साहेब."

"आणि तुम्ही त्यांना गाईखाली बसवलंय."

"मी नाही, साहेब. बाबांनी."

ट्रेथवींनी डोळे मिटले. "नऊ दिवस आहेत. नवी वही घ्या. सगळा इतिहास पुन्हा लिहा. सभ्य माणसासारखा. आणि ही जाळून टाका."

"जाळता येणार नाही, साहेब. वणव्यांमुळे सगळ्या जिल्ह्यात आगीला बंदी आहे. सॉसेजसुद्धा भाजता येत नाहीत."

"मग नदीत टाका!"

हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डल्सी त्याला गाडीतून नाउऱ्याच्या पुलावर घेऊन गेली. क्लॅरीनं वहीला वीट बांधली. दोघं कठड्याशी उभी राहिली. क्लॅरीनं कव्हरवरून एकदा हात फिरवला आणि टाकलीच. सत्तावीस वर्षं नौदलात काढलेला खलाशी खरा, पण सगळा जन्म खुर्चीवर गेलेला. गाठ अशी मारली होती की पाण्याला लागताच सुटली.

"क्लॅरी," डल्सी म्हणाली, "वीट बुडाली."

"हो."

"वही चालली."

"हो."

"कुठे?"

क्लॅरीनं ओहोटीचा अंदाज घेतला. "ग्रीनवेल पॉइंटकडे."

मेणकापडाचं कव्हर हे मात्र त्याचं सत्तावीस वर्षांतलं सगळ्यात चोख काम होतं.

मग तो नवी वही घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. पंचवीस वर्षं म्हणजे तीनशे पानं. 'स्क्वाड्रनने आपले कार्य समाधानकारकरीत्या पार पाडले.' पुढचं पान. 'स्क्वाड्रनने आपले कार्य अत्यंत समाधानकारकरीत्या पार पाडले.' हात भरून आला की बर्फात ठेवायचा आणि पुन्हा समाधानकारक. चौथ्या दिवशी डल्सीनं वाचायला घेतलं. एकोणीसशे चोपन्नपर्यंत पोचली आणि खुर्चीतच घोरू लागली. तिला हलवून उठवलं तर म्हणाली, "यात माणूसच नाही रे कुणी. विमानं आपोआप उडतायत वाटतं."

"सभ्य इतिहास असाच असतो," क्लॅरी म्हणाला आणि त्यानं पुढचं समाधानकारक लिहायला घेतलं.

सहाव्या दिवशी फोन वाजला. पलीकडे भसाडा आवाज.

"पिंडर बोलतायत का? मी नेव्ह स्किलिकॉर्न, ग्रीनवेल पॉइंटवरून. माझी कालवांची शेती आहे नदीच्या तोंडाशी. तुमची वही माझ्या कालवांच्या चौकटीत अडकली होती. आत लिहिलंय, स्क्वाड्रनला परत करा. तिथे फोन केला तर कारकुनानं तुमचं नाव सांगितलं."

"ठीक आहे का ती?" क्लॅरीच्या तोंडून निघून गेलं.

"कडा भिजल्यात. बायकोनं पानं सोडवून दोरीवर वाळत घातलीत. पण एक अडचण आहे. लोक हलत नाहीयेत."

"कोण लोक?"

"या आणि बघा."

क्लॅरी गेला. स्किलिकॉर्नच्या परसात कपडे वाळवायच्या चार दोऱ्या होत्या आणि चारही दोऱ्यांवर, चिमट्यांना लटकून, आठशे एकोणचाळीस स्क्वाड्रन वाऱ्यावर हलत होती. दोऱ्यांच्या मधून ग्रीनवेल पॉइंटची माणसं हातात चहाचे मग घेऊन मान वर करून सरकत होती, साठ साल, एकसष्ट साल. पोस्टातली बाई होती, दोन मासेमार होते, पाद्रीसुद्धा होता. एक मासेमार पोट धरून खाली बसला होता आणि दुसरा त्याला म्हणत होता, "अरे थांब, कवळीचं तू वाचलंच नाहीस अजून!"

"हाच तो," स्किलिकॉर्न म्हणाला. "यानंच लिहिलंय."

सगळे वळले. पोस्टातल्या बाईनं त्याचा हातच धरला. "अहो, त्या मेणमिशीवाल्याचं पुढे काय झालं? बोलला की नाही तो?"

"बोलला, बाई. तिसऱ्या दिवशी. मेण मागितलं."

हशा उठला. क्लॅरीचे कान तापले. तो एका पालथ्या टबावर बसला आणि बराच वेळ त्याला उठावंसं वाटेना. पंचवीस वर्षं लिहिलं, चौदा कमांडरांनी सह्या केल्या, आणि वाचणारं माणूस हे असं, कालवं सोलायची सुरी कमरेला लावून, आज भेटत होतं.

परत निघताना स्किलिकॉर्न म्हणाला, "वाळली की शिवून देतो आणून. शनिवारी तुमच्याकडेच येणार आहे मी, समारंभाला कालवं माझीच आहेत."

क्लॅरीनं घरी येताना खूप विचार केला. नदीत टाका असा हुकूम होता. त्यानं नदीत टाकली होती. नदीतून परत आली तर काय करायचं, ते साहेब बोलले नव्हते.

शनिवारी दुपारी हँगर पताकांनी सजला. टेबलांवर फळांनी सजवलेले पाव्हलोव्हा केक, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन, खिमा भरलेले मीट पाय. जुने वैमानिक ब्लेझरची बटणं कशीबशी लावून आलेले. मधोमध मखमलीवर नवी वही. ट्रेथवी तिच्यापाशी नव्या बापासारखे उभे. ॲडमिरल विकस्टेड आले, बरोबर त्यांची बायको मार्जरी, डोक्यावर फळांची टोपली वाटावी अशी टोपी. ॲडमिरलनी कुणाशी धड हस्तांदोलनही केलं नाही. सरळ वहीपाशी गेले, चष्मा लावला आणि भराभर पानं उलटत पंचावन्न सालच्या मार्चवर थांबले.

वाचलं. चेहरा पडला.

"मोठ्यानं वाच ना, जेरी," मार्जरी म्हणाली.

"'एका विमानाने तांत्रिक कारणास्तव पर्यायी ठिकाणी समाधानकारक अवतरण केले.'"

"हो का? आणि गाय कुठाय?"

"मार्जरी..."

"नाही, मला बघायचीय. बावीस वर्षं!" ती ट्रेथवींकडे वळली. "बावीस वर्षं हा माणूस प्रत्येक मेजवानीत सांगतोय, एका शेतकऱ्यानं म्हणे याच्याकडून सात गाई पिळून घेतल्या. राजदूताच्या घरीसुद्धा सांगितलं! दरवेळी मी पाहुण्यांची माफी मागते. आज म्हणाला, चल, लेखी पुरावा दाखवतो. हा पुरावा? पर्यायी ठिकाण?"

ट्रेथवींच्या तोंडचं पाणी पळालं. ॲडमिरलनी हँगरभर नजर फिरवली आणि ती क्लॅरीवर स्थिरावली.

"पिंडर! तू होतास. तुझ्या वडिलांचंच शेत ते. सांग यांना."

"खरं आहे, बाईसाहेब. सात गाई," क्लॅरी म्हणाला.

"तुम्ही नौदलातले," मार्जरी म्हणाली. "ॲडमिरलनं विचारलं तर देवमाशाचं दूध काढलं असंही सांगाल."

तेवढ्यात मागून भसाडा आवाज आला. "सातच. त्यातली तिसरी अर्धी."

नेव्ह स्किलिकॉर्न कालवांचं ताट हातात घेऊन उभा होता.

"तुम्हाला कसं माहीत?" मार्जरीनं विचारलं. "तुम्ही कुठल्या जहाजावर होतात?"

"मी कालवंवाला आहे, बाई. पण अख्ख्या ग्रीनवेल पॉइंटला माहीत आहे हे. पाच दिवस आमच्या दोरीवर वाळत होतं." त्यानं ताट ट्रेथवींच्या हातात दिलं. "धरा जरा. गाडीत आहे, आणतो."

वही आली. मूळच्या दुप्पट फुगलेली, मासेमारी दोऱ्यानं शिवलेली आणि कालवांचा खमंग वास मारणारी. क्लॅरीनं न बघता पान उघडलं. खळ पक्की होती. पत्र जागच्या जागी होतं. मार्जरीनं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'माननीय नौदल यांस. मंगळवारी तुमचं एक विमान माझ्या कुरणात आलं. कुंपणाबद्दल तक्रार नाही, ते जुनंच होतं. तक्रार माणसाबद्दल आहे. त्याला सात गाई दिल्या. पहिल्या दोन बऱ्या काढल्या. तिसरी, नाव डचेस, अर्धीच सोडून उठला. विचारलं तर म्हणतो, ती माझ्याकडे रागानं बघते. डचेस सगळ्यांकडेच तशी बघते, माझ्या बायकोकडेसुद्धा. यापुढे विमान पाठवाल तर धारा काढता येणारा माणूस बसवून पाठवावा. आपला, आल्फ पिंडर.'"

 मार्जरीनं चष्मा काढला.

"रागानं बघत होती? हे तू कधी सांगितलं नाहीस, जेरी."

"काही गोष्टी माणूस मनातच ठेवतो," ॲडमिरल खालच्या आवाजात म्हणाले.

मार्जरीला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं, मग ती इतकी हसली की टोपी पाव्हलोव्हात पडली आणि कोणती फळं कशावरची ते कुणालाच कळेना. मग सगळा हँगर हसला. फक्त ट्रेथवी ताट धरून उभे होते.

"ही नवी वही कुणी लिहायला सांगितली?" ॲडमिरलनी विचारलं.

क्लॅरीनं तोंड उघडलं होतं, पण ट्रेथवी एक पाऊल पुढे आले. त्याबरोबर दोन कालवं घरंगळली. "मी, सर. आपली शोभा होऊ नये म्हणून."

"शोभा? अरे, या सात गाईंमुळे घरात माझं तोंड काळं झालं होतं, ते आज उजळलं." मग त्यांनी नवी वही उचलून हातात तोलली. "ही कशाला तरी उपयोगी पडेल का?"

"झोप येत नसेल तर," डल्सी मागून म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कुणी भाषण केलं नाही. प्रत्येक म्हातारा वैमानिक रांग लावून आपलं पान शोधत होता. ज्याचं सापडलं तो लाजत होता, ज्याचं सापडलं नाही तो रुसत होता. होबडे, चार वेळा बघून गेलेला, आता टक्कल पडलेला आजोबा, क्लॅरीला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "तीनच वेळा होतं ते." क्लॅरी म्हणाला, "माझ्याजवळ बादली होती, साहेब, पण डोळे शाबूत होते."

त्यानंतर ट्रेथवी दर महिन्याचं पान सहीआधी वाचू लागले. क्लॅरीला आधी धास्ती वाटली. पण साहेबांनी खाडाखोड कधी केली नाही. एकदाच समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मी घसरलो हे खरे. परंतु जिना ओला होता.'

ब्याऐंशी साली म्हातारी निवृत्त झाली. जहाज नाही तर जहाजावरची विमानं कशाला? काही काळातच स्क्वाड्रनही मोडली. शेवटच्या पानावर क्लॅरीनं कोणी काय उचलून घरी नेलं त्याची यादी लिहिली: घड्याळ, चहाची किटली, कमांडरच्या दारावरची पाटी, आणि एकानं तर दारच.  डल्सीनं गाडी सुरू केली आणि न विचारताच लांबच्या रस्त्यानं घरी नेली.

पुढे पाच वर्षांनी संग्रहालयानं वही मागितली. तिथल्या तरुण बाईनं हातमोजे घालून पानं मोजली आणि म्हणाली, "मिस्टर पिंडर, एक कमी आहे. जुलै एकसष्ट."

क्लॅरीनं ग्रीनवेल पॉइंट गाठलं. दारोदार विचारत तो शेवटी जेट्टीजवळच्या एका घरात पोचला. तिथे व्हेरा ट्रँटर नावाची विधवा बाई राहत होती. पान तिच्या स्वयंपाकघरात होतं, चौकटीत घातलेलं, चुलीच्या वर. क्लॅरीनं चष्मा लावून स्वतःचंच अक्षर वाचलं. 'स्वयंपाकी ट्रँटर यांनी बत्तीस मीट पाय असलेलं ताट विमानं डेकवर चढवायच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाडलं. लिफ्ट वर आली तेव्हा विमानाबरोबर मीट पायही वर आले. सर्वांनी विमान पुसायच्या आधी खाऊन घेतलं. चव चांगली होती.'

"दोरीवरून मी काढून घेतलं," व्हेरा म्हणाली. "चोरीच म्हणा. पण आमच्या बर्टचं नाव दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. थडग्यावर आहे तेवढंच, आणि तिथेही स्पेलिंग चुकलंय."

"पण हे तर त्याच्या वेंधळेपणाबद्दल आहे, बाई."

"मग? होताच तो वेंधळा." तिनं चहा ओतला. "आणि पुढे बघा ना काय लिहिलंय. चव चांगली होती."

क्लॅरीनं चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, बर्टच्या आणखी तीन गोष्टी ऐकल्या आणि रिकाम्या हातानं परत आला.

"मिळालं?" संग्रहालयातल्या बाईनं विचारलं.

"नाही," क्लॅरी म्हणाला. "लिहून टाका, माशांनी खाल्लं."

तिनं खरोखरच तसं लिहून टाकलं.